विश्लेषण : देवमाशावर संशोधन करायचे? आधी परवानगी! पण सरकारने नेमके काय विचारायला हवे?

फेब्रुवारी २०१६. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यापाशी संशोधकांच्या बोटीतून एका ऑर्कावर उपग्रह टॅग मारला गेला. हा ऑर्का २० वर्षांचा नर होता. संशोधकांच्या यादीत त्याचे नाव ‘एल ९५’, टोपणनाव नायजेल. पाच आठवड्यांनी कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर त्याचा मृतदेह सापडला. पाठीवरच्या पंखात टॅगचे तुकडे अडकलेले होते. टॅगच्या जखमेतून बुरशीचा संसर्ग शरीरात शिरला असावा आणि तो मृत्यूला हातभार लावणारा ठरला, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला.

हे काही चोरून केलेले काम नव्हते. टॅग मारणारे संशोधक अमेरिकी सरकारच्याच ‘नोआ’ या सागरी संस्थेचे होते. परवाना होता, त्यात अटी होत्या, टॅग निर्जंतुक कसा करायचा याची लेखी पद्धतही होती. चूक झाली ती बोटीवर. पहिला नेम चुकला, टॅग समुद्रात पडला. तो उचलून अल्कोहोलने पुसला आणि पुन्हा वापरला. ठरलेल्या पद्धतीतली ब्लीचची पायरी राहून गेली.

या ऑर्कांची संख्या आज सत्तरीच्या घरात आहे. एका गृहनिर्माण सोसायटीत याहून जास्त माणसे असतात. अशा कळपातला ऐन तारुण्यातला एक नर जातो, तेव्हा ‘संशोधनासाठी परवानगी’ हा विषय फाइलींपुरता राहत नाही.

(‘किलर व्हेल’ म्हणून ओळखला जाणारा ऑर्का खरे तर डॉल्फिनच्या कुळातला. आणि देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेत शिकूनही आपण त्याला मासाच म्हणतो. कायद्याला मात्र हे सगळे एकाच गटातले सस्तन प्राणी.)

‘टेक’ म्हणजे काय?

अमेरिकेत १९७२ साली सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आला. त्याआधीच्या दशकात याच ऑर्कांची पिल्ले जाळ्यांत घेरून मत्स्यालयांना विकली गेली होती. त्यामुळे कायदा करणाऱ्यांनी एक शब्द मुद्दाम फार रुंद ठेवला, तो म्हणजे ‘टेक’. ठार मारणे किंवा पकडणे तर त्यात येतेच. पण त्रास देणे, आणि तसा नुसता प्रयत्न करणे हेसुद्धा ‘टेक’ आहे.

त्रासाच्याही दोन पातळ्या आहेत. ज्यातून प्राण्याला इजा होऊ शकते ती ‘लेव्हल ए’. ज्यातून त्याचे खाणे, पोहणे, पिल्लाला पाजणे यात व्यत्यय येऊ शकतो ती ‘लेव्हल बी’. म्हणजे देवमाशाच्या अगदी जवळ बोट नेऊन शेपटीचा फोटो काढणे हीदेखील परवानगीची बाब आहे. शेपटीच्या खालच्या बाजूवरचे पांढरे-काळे डाग प्रत्येक हंपबॅकचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे असे फोटो ही या विषयातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगी माहिती आहे.

अर्ज कसा असतो, हे पाहण्यासारखे आहे. त्यात एक मोठा तक्ता भरावा लागतो. कोणती प्रजाती, नर की मादी, प्रौढ की पिल्लू, वर्षाला किती प्राणी, एकाच प्राण्याजवळ किती वेळा जाणार, प्रत्येक वेळी नेमके काय करणार, हे सारे त्यात येते. फोटो, ड्रोन, त्वचेचा नमुना, चिकटणारा टॅग, रुतणारा टॅग अशा प्रत्येक कृतीची वेगळी नोंद. बोट कोण चालवणार, नेम कोण धरणार, त्यांचा अनुभव किती, हेही. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना ‘टेस्ट प्लॅन’चे पान आम्ही शेवटच्या रात्री भरायचो. इथे तेच पान सगळ्यात महत्त्वाचे आहे.

मग अर्जाची सूचना सरकारी राजपत्रात येते आणि ३० दिवस कोणीही त्यावर मत नोंदवू शकते. कोणीही म्हणजे खरेच कोणीही. शिवाय सागरी सस्तन प्राणी आयोग ही स्वतंत्र सरकारी संस्था अर्ज तपासते. प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात असेल तर १९७३ च्या धोकाग्रस्त प्रजाती कायद्याखाली आणखी एक चाळणी लागते. संशोधकाच्या विद्यापीठाची प्राणी-नीती समिती वेगळीच. परवाना साधारण पाच वर्षांचा मिळतो आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

संशोधक वैतागतात, आणि ते समजण्यासारखे आहे. निधी तीन वर्षांचा, परवानगीत एक वर्ष गेले, हंगाम हुकला, पीएचडी लांबली. म्हणून १९९४ मध्ये या कायद्यात एक सोपी वाट काढण्यात आली. काम फक्त ‘लेव्हल बी’चे असेल आणि प्रजाती धोकाग्रस्त यादीत नसेल, तर पूर्ण परवान्याऐवजी आधी कळवून मान्यतापत्र घ्यायचे. दुरून फोटो काढणाऱ्याला आणि कातडीत धातू रुतवणाऱ्याला एकाच रांगेत उभे करायचे नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. मला तो पटतो. त्याच्याकडे पुन्हा येऊच.

कुत्रा, बोट आणि विष्ठा

नायजेलच्याच कळपांवर चाललेल्या दुसऱ्या एका संशोधनाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पथकाकडे टकर नावाचा काळा लॅब्रेडोर होता. त्याला पाण्यात उतरायला आवडायचे नाही. पण बोटीच्या टोकावर उभा राहून तो समुद्रावर तरंगणाऱ्या ऑर्काच्या विष्ठेचा माग काढायचा. तो ज्या दिशेला झुकेल तिकडे बोट वळवायची आणि जाळीने नमुना उचलायचा. प्राण्याला हात लावायचा नाही, त्याच्या वाटेत यायचे नाही.

या नमुन्यांतल्या संप्रेरकांवरून २०१७ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २००८ ते २०१४ या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत अयशस्वी ठरल्या होत्या. मोठे कारण होते उपासमारीचा ताण, कारण या ऑर्कांचे मुख्य अन्न असलेला चिनूक सामन मासा कमी झालेला. विष्ठेचा वास घेणाऱ्या कुत्र्याने एका प्रजातीच्या घसरणीचे कारण शोधायला मदत केली. आणि हो, त्यालाही परवानगी लागतेच.

मग टॅग कशाला मारायचे? इथे गोष्ट अवघड होते. विष्ठा उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ मिळते. हिवाळ्यात हे ऑर्का खुल्या पॅसिफिकमध्ये नेमके कुठे जातात, हे सांगणारा कुत्रा नाही. २०१२ ते २०१६ दरम्यान आठ ऑर्कांवर टॅग मारले गेले आणि त्यातून त्यांच्या हिवाळी वाटा कळल्या. ती माहिती पुढे कामाला आली. २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने वॉशिंग्टनपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्या ‘अत्यावश्यक अधिवासा’त नव्याने सामील केला.

म्हणजे टॅग नसते तर हे संरक्षण मिळाले नसते किंवा खूप उशिरा मिळाले असते. आणि टॅग नसता तर नायजेल बहुधा जगला असता. या दोन वाक्यांतले एकही खोडता येत नाही.

‘नोआ’ने त्यानंतर या ऑर्कांवर टॅग मारणे थांबवले. अंतर्गत चुकीसह तपासाचा अहवाल लोकांसमोर ठेवला. टॅग पंखाच्या तळाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ बसला होता आणि त्यामुळे संसर्ग पसरायला वाट मिळाली असावी, हेही त्यात सांगितले. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी टॅगिंगची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या पारदर्शकतेचे श्रेय द्यायलाच हवे. पण एक बाब खटकतेच. परवाना मागणारा ‘नोआ’चा एक विभाग होता, देणारा ‘नोआ’चाच दुसरा. कामे वेगळी, कार्यालये वेगळी, पण घर एकच. अर्जदार स्वतः सरकार असेल तेव्हा तपासणी जास्त कडक हवी, कमी नव्हे.

‘संशोधन’ या शब्दाचा गैरवापर

एवढी कडक चाळणी कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी जपानचा खटला आठवावा.

१९४६ च्या आंतरराष्ट्रीय व्हेल शिकार नियमन कराराच्या कलम ८ नुसार कोणताही सदस्य देश आपल्या नागरिकांना ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ देवमासे मारण्याचा परवाना देऊ शकतो. परवाना कोण देणार? तोच देश. व्यावसायिक शिकारीवर १९८० च्या दशकात बंदी आल्यावर जपानने हे कलम वापरायला सुरुवात केली. अंटार्क्टिकच्या समुद्रात जहाजे जात, मिंक व्हेल मारले जात, मोजमापे होत आणि मांस बाजारात जाई.

ऑस्ट्रेलिया हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेला. ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, की या कार्यक्रमाखाली दिलेले परवाने ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ म्हणता येणार नाहीत. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते. २००५ पासून सुमारे ३,६०० मिंक व्हेल मारूनही हाती आलेले विज्ञान फारच थोडे, हे न्यायालयाने नोंदवले. न मारता माहिती मिळेल का, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. किती प्राणी लागतील हा आकडा कुठून आला, हेही पटण्यासारखे सांगता आले नव्हते.

न्यायालयाने विचारलेले प्रश्न नीट पाहिले तर लक्षात येते, की हेच प्रश्न कोणत्याही साध्या परवाना अर्जात असतात. फरक इतकाच, की अर्जदार आणि परवाना देणारा यांच्यात तिथे भिंतच नव्हती. जपान २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातून बाहेर पडला आणि ‘संशोधन’ हा शब्द न वापरता उघडपणे व्यावसायिक शिकार करू लागला. एका अर्थाने हे जास्त प्रामाणिक.

नॉर्वेचे उदाहरण ताजे आहे आणि जास्त गुंतागुंतीचे. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेने अमेरिकी संस्थेसोबत लोफोतेन बेटांजवळ एक प्रयोग केला. स्थलांतर करणाऱ्या तरुण मिंक व्हेलला जाळ्यांनी वळवून थोडा वेळ रोखायचे, त्वचेवर इलेक्ट्रोड लावून त्याची श्रवणशक्ती मोजायची आणि सोडून द्यायचे. सोनार आणि तेलशोधाच्या आवाजाचा या प्राण्यांवर किती परिणाम होतो, याचे नियम आजवर अंदाजावरच बेतलेले होते. ५० हून अधिक शास्त्रज्ञ व पशुवैद्यांनी २०२१ मध्ये पत्र लिहून याला विरोध केला. सरकारने परवानगी दिली. २०२३ मध्ये दोन व्हेलची चाचणी यशस्वी झाली आणि हे प्राणी समजत होते त्यापेक्षा खूप उंच पट्टीचे, ९० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू शकतात असे दिसले. २०२४ मध्ये एक व्हेल जाळ्यात अडकून मेला.

याच नॉर्वेत दरवर्षी शेकडो मिंक व्हेलची कायदेशीर शिकार होते. त्यामुळे संशोधनात गेलेल्या एका व्हेलवर वादळ उठते, तेव्हा तिथले शास्त्रज्ञ हा दुटप्पीपणा आहे म्हणत असतील तर ते चूक नाहीत. तरीही माझे मत असे, की शिकाऱ्याने मारले म्हणून संशोधकाला सूट मिळत नाही. संशोधक ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून जवळ जातो. त्याचे माप वेगळेच असायला हवे.

एक विसंगती मात्र खरीच खटकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तर अटलांटिक राइट व्हेल आता चारशेहूनही कमी उरलेत. त्यांच्या मृत्यूची मोठी कारणे दोन, जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर. त्यांच्यावर ड्रोन उडवून श्वासाचे थेंब गोळा करणाऱ्याला पानेच्या पाने भरावी लागतात. त्यांच्या वाटेवरून जाणाऱ्या मालवाहू जहाजाला ठरावीक काळात, ठरावीक भागात वेग दहा नॉट्सच्या आत ठेवायचा एवढाच नियम. कायदा हेतू पाहतो. जो मुद्दाम जवळ जातो त्याला विचारतो. जो नकळत चिरडतो त्याच्याशी बराच मवाळ वागतो.

आपल्याकडे काय?

मराठी बातम्यांत व्हेल बहुतेक दोनदाच येतो. कोट्यवधींची ‘व्हेलची उलटी’ पकडली तेव्हा आणि एखादा देवमासा किनाऱ्याला लागला तेव्हा. २०१५ मध्ये रेवदंड्याला आलेला ब्लू व्हेल आठवत असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू वाळूत अडकले. वनखाते, स्थानिक लोक आणि इतर यंत्रणांनी ४० तासांच्या धडपडीनंतर त्याला समुद्रात नेले. पण ते जगले नाही. त्यावेळी गर्दीतला प्रत्येक जण विचारत होता, हे इथे आले कुठून? याचे उत्तर द्यायला संशोधन लागते. आणि संशोधनाला परवानगी.

भारतात ही परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम १२ खाली मिळते. वर्ष तेच, १९७२. या कायद्यात ‘शिकार’ शब्दाची व्याख्याही अशीच रुंद आहे. मारणे, पकडणे यासोबत इजा करणे आणि शरीराचा कोणताही भाग घेणे हेही ‘शिकार’च. म्हणजे देवमाशाच्या त्वचेचा पेन्सिलच्या टोकाएवढा तुकडा डीएनए तपासणीसाठी घ्यायचा, तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘शिकारी’चा परवाना मागत असता. तो देणारे राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय नागपुरात. मालवणच्या समुद्रातल्या प्राण्याचा कागद आधी विदर्भात जातो! प्राणी अनुसूची १ मधला असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी, म्हणजे पुढे दिल्ली. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आणि साइट्स कराराखालची परवानगी वेगळी. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे विशेष आर्थिक क्षेत्रात संशोधन करायचे तर १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राची मान्यता.

यातले एकेक कलम स्वतंत्रपणे पाहिले तर बरोबरच आहे. शिकारीची व्याख्या रुंद नसती तर ‘नमुना घेतोय’ म्हणून काय काय झाले असते, ते जपानने दाखवलेच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कलम १२ मध्ये हात न लावता होणाऱ्या आणि सुई टोचून होणाऱ्या कामासाठी वेगवेगळ्या वाटा नाहीत. आणि लोकांनी अर्ज वाचून मत द्यावे, अशी ३० दिवसांची पायरीही नाही. त्यामुळे होते काय, की तपासणीचा भार पडतो, पण तपासणीचा उजेड पडत नाही. परवाना मिळाला की नाही, एवढेच कळते. का मिळाला, कोणत्या अटींवर, पुढे काय झाले, हे सामान्य वाचकापर्यंत येत नाही. रत्नागिरीच्या मच्छीमाराला त्याच्या समुद्रात कोण काय करते आहे हे कळायला नको का? देवमासे सगळ्यात जास्त त्यालाच दिसतात.

मच्छीमारांना सोबत घेतले की काय होते, हे आपल्याच राज्याने दाखवले आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडीओ द्यायचा. म्हणजे कुठे, कधी, कोणता प्राणी अडकला याची नोंद आपोआप तयार होते, तीही कोणाच्या अंगात टॅग न रुतवता. त्यात देवमासेही आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्लू व्हेल दिसल्याच्या नोंदी झाल्या, त्याही बोटीतून डोळ्यांनी पाहून.

घाई करायचे आणखी एक कारण आहे, आणि ते अमेरिकेतूनच आले आहे. त्याच १९७२ च्या कायद्यातल्या तरतुदीनुसार अमेरिकेला मासळी विकणाऱ्या देशांना आपल्या मासेमारीत सागरी सस्तन प्राणी किती मरतात, हे दाखवावे लागते. ‘सीएमएफआरआय’सारख्या आपल्या संस्थांनी देवमासे-डॉल्फिन मोजण्याचे काम हाती घेतले, त्याला हा रेटाही आहे. आकडे नसतील तर फटका निर्यातीला बसतो.

लुबान आली, तेव्हा

अरबी समुद्रातले हंपबॅक हे जगावेगळे देवमासे आहेत. बाकीचे हंपबॅक ध्रुवाकडे जातात-येतात. हे वर्षभर इथेच राहतात. सुमारे ७० हजार वर्षे ते इतरांपासून वेगळे पडले आहेत, असे जनुकीय अभ्यास सांगतो. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकारीत यातले २४२ मारले. ओमानच्या किनाऱ्यावरच्या फोटोंवरून केलेला अंदाज फक्त ८२ प्राण्यांचा होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानमध्ये यातल्या एका मादीवर उपग्रह टॅग लावण्यात आला. शेपटीवर लोबानाच्या झाडासारखी नक्षी, म्हणून तिचे नाव लुबान. ती अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या बाजूला आली आणि आपल्या किनाऱ्यालगत दक्षिण टोकाकडे उतरत गेली. ओमानचे आणि आपले देवमासे एकच आहेत का, या कित्येक वर्षांच्या शंकेला या एका प्रवासाने मोठे उत्तर दिले. हे काम टॅगशिवाय झाले नसते, हे मान्य करावेच लागते. नायजेलच्या अंगात रुतला होता त्याच जातकुळीचे हे यंत्र.

उद्या भारतातल्या एखाद्या पथकाने याच ८२ च्या आसपासच्या कळपातल्या प्राण्यावर टॅग लावायचा अर्ज केला, तर नागपूर किंवा दिल्लीतल्या टेबलावर तो उघडणाऱ्या अधिकाऱ्याने काय पाहावे? विद्यापीठाचे नाव आणि निधीचा आकडा नंतर. आधी हे, की हा प्रश्न पाण्यात ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने, फोटोंनी, विष्ठेने सुटणार नाही याचा पुरावा कुठे आहे? नेम धरणाऱ्या माणसाने याआधी किती टॅग लावले आणि त्या प्राण्यांचे पुढे काय झाले? टॅग पाण्यात पडला तर काय करणार, हे एका ओळीत लिहिले आहे का? आणि त्या बोटीवर अशी एक तरी व्यक्ती असेल का, जिचे काम फक्त ‘आज नको, परत चला’ म्हणणे एवढेच आहे?